सदुसष्ट सालचं घड्याळ

कार्तिए या जवाहिऱ्यांच्या लंडन शाखेने १९६७ साली एक सोन्याचं मनगटी घड्याळ घडवलं. नाव ठेवलं ‘क्रॅश’. मी ते केवळ छायाचित्रांतून ओळखतो, पण अगदी जवळून ओळखतो. लंबगोल तबकडी, दोन्ही टोकांना चिमटून निमुळती केलेली आणि मधे दाबून एका अंगाला कललेली. सोनं वितळून ओघळायला लागावं आणि तेवढ्यात कुणीतरी फुंकर घालून ते थिजवावं, असा आकार. रोमन आकडेही त्या ओघळाबरोबर ताणले गेलेले. आणि या सगळ्या मोडतोडीच्या मधोमध दोन निळे काटे, शांतपणे आपापल्या जागी.

मोटारीच्या अपघातात एक घड्याळ होरपळून वितळलं आणि त्यावरून हा आकार सुचला, अशी दंतकथा वर्षानुवर्षं सांगितली जाते. कार्तिए घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्या फ्रान्सेस्का कार्तिए ब्रिकेल यांनी ती खोडून काढली आहे. त्यांचे आजोबा जाँ-जाक कार्तिए आणि आरेखनकार रूपर्ट इमर्सन यांनी हा वाकडेपणा कागदावर, विचारपूर्वक आखला होता. मला ही खरी हकिगत दंतकथेहून कितीतरी मोठी वाटते. अपघात कुणाच्याही हातून होतो. सोन्यासारखी महाग वस्तू हातात घेऊन तिला मुद्दाम वाकडं करायला छाती लागते.

खरी परीक्षा पुढेच होती. तबकडी कशीही वाकली तरी काटे एका बिंदूभोवती गोलच फिरणार. म्हणजे एखादा आकडा मध्यापासून दूर न्या, जवळ आणा, लांबवा, दाबा. पण काटा ज्या कोनात येणार तो कोन चुकवून चालत नाही. आकडे सुंदर वाकले आणि वेळच वाचता येईना, असं झालं की तबकडी पुन्हा रंगवायची. डोळ्याला भिंग लावून, बारीक कुंचल्याने, हाताने. पहिलं घड्याळ नट स्ट्युअर्ट ग्रेंजर यांनी घेतलं आणि फारच विचित्र वाटतं म्हणून परत केलं, असं सांगतात. त्या काळात अशी घड्याळं मोजकीच झाली. त्यांतलं एक २०२२ मध्ये पंधरा लाख डॉलरांवर विकलं गेलं. मला त्या किमतीपेक्षा त्या कोनांचं कौतुक जास्त आहे.

आमच्या जुन्नर-आंबेगावात सोनेरी घड्याळ यायचं ते लग्नात. जावयाच्या मनगटावर, सासऱ्याच्या ऐपतीप्रमाणे आणि पुष्कळदा ऐपतीबाहेर. अंगठी, घड्याळ, सायकल ही यादी बैठकीतच ठरायची. एचएमटीने सिटिझनच्या साहाय्याने बंगळुरात १९६१ साली घड्याळं बनवायला घेतली आणि ती खेडोपाडी पोचली. सोनं नावालाच, वर पाणी दिलेलं. अस्सल सोन्याचे तर दिवसच वाईट होते. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरेटहून शुद्ध दागिना घडवायला बंदी घातली आणि कितीतरी सोनारांच्या शेगड्या विझल्या. ती लग्नातली घड्याळं आजही मंचरला, नारायणगावला दुरुस्तीच्या दुकानात दिसतात. पट्टा जिथे अडकतो त्या कानांवरचं पाणी घामाने उडालेलं, खालचा पांढुरका धातू उघडा पडलेला, काचेवर ओरखड्यांचं जाळं. घड्याळजी मागचं झाकण उघडतो, किल्ली फिरवून पाहतो, आणि ते बारीकसं चाक पुन्हा झुलायला लागतं. एका बापाने कर्ज काढून घेतलेली वस्तू आहे ती; तिच्याकडे मला नुसती जुनी चीज म्हणून बघवत नाही.

सदुसष्ट साल मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच वर्षी सेकंदाची व्याख्या आकाशावरून काढून अणूकडे दिली गेली: सीझियमच्या किरणांची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद. त्याच नोव्हेंबरात केंब्रिजला जॉसलिन बेल या विद्यार्थिनीला आकाशातून दर १.३३ सेकंदाला एक ठोका येताना सापडला. तो पहिला पल्सार, स्वतःभोवती गरगरणारा मेलेला तारा. आणि ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेची जमीन हादरली, ती पुण्या-मुंबईपर्यंत जाणवली. लंडनच्या त्या कारागिरांना यातलं काहीच ठाऊक नसणार. तरी त्या वाकड्या तबकडीत मला ते सगळं वर्ष दिसतं.

पल्सारांच्या त्या ठोक्यांचा माग आज आमच्या जुन्नर तालुक्यात घेतला जातो. नारायणगावहून पूर्वेला वळलं की खोडदच्या शिवारात रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या दिसू लागतात. एकूण तीस, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा जवळजवळ, सोळा तीन दिशांना पांगलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण कल्पिली तेव्हा एवढ्या तबकड्या पत्र्याने मढवायच्या तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न होता. त्यांनी पत्राच काढून टाकला. ताणलेल्या दोरांवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारांची जाळी बसवली. वारा आरपार जातो, आभाळ आरपार दिसतं, आणि मोठ्या तरंगलांबीच्या रेडिओलहरी मात्र अडतात. आमच्या भागात याहून धाडसी आकार मी पाहिलेला नाही, आणि त्यात सोन्याचा कणही लागलेला नाही.

इथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काही अतिवेगवान पल्सारांचे ठोके टिपून ठेवले. जून २०२३ मध्ये युरोपातल्या निरीक्षणांशी ते जोडून जाहीर झालं, की हे ठोके अगदी सूक्ष्म मागेपुढे होतात आणि त्यामागे विश्वभर पसरलेल्या गुरुत्वलहरी असण्याचा पुरावा दिसतो. घड्याळं चोख चालतात. ठोका ज्या अवकाशातून येतो तेच ताणलं जातं, दाबलं जातं. वाकलेल्या तबकडीवर खरी वेळ कशी वाचायची, हा लंडनच्या त्या टेबलावरचा प्रश्न इथे केवढा मोठा होऊन बसला आहे!

दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी खोडदला शाळांची झुंबड उडते. अशाच एका गर्दीत एका मुलाने विचारलं, “पण सर, त्या ताऱ्याला किल्ली कोण देतं?” समजावणारा तरुण हसला नाही. म्हणाला, “बरोबर विचारलंस. जोडीचा तारा देतो.” आणि त्याने सांगितलं: मेलेला तारा एकटा असला तर हळूहळू मंदावत जातो. पण शेजारी साथीदार असेल, तर त्याच्या अंगावरचा वायू ओढला जाऊन याच्यावर पडत राहतो, आणि त्या पडण्याने हा पुन्हा वेग घेतो; इतका, की सेकंदात शेकडो गिरक्या. मुलाने वहीत लिहून घेतलं आणि लगेच पुढचा प्रश्न काढला: मग त्या साथीदाराचं काय होतं?