शर्विलक जामच्या काठी

गायक रेभिलाकडची मैफल संपायला अर्धी रात्र उलटली. उज्जयिनीच्या सामसूम रस्त्यावरून आता गरीब झालेला चारुदत्त घरी निघाला आहे. सोबतच्या मित्राला, मैत्रेयाला, झोप अनावर झाली आहे आणि गाण्याचं त्याला काहीच पडलेलं नाही. चारुदत्ताच्या कानात मात्र मैफल अजून चालू आहे. समुद्रमंथनातून न निघालेलं हे एक वेगळंच रत्न, असं तो वीणेबद्दल बोलत चालला आहे. घरी पोचल्यावर पाय धुऊन होतात. गणिका वसंतसेनेनं विश्वासानं ठेवायला दिलेली दागिन्यांची पेटी रात्रीपुरती मैत्रेयाच्या हवाली होते. दोघं झोपतात, आणि त्याच रात्री त्यांची भिंत फुटते.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा हा तिसरा अंक. चोरीच्या अगोदर त्यानं गाणं ठेवलं आहे, आणि ते उगाच ठेवलेलं नाही असं मला फार वर्षांपासून वाटत आलं आहे.

शर्विलक हा चोर मोठा विलक्षण. वेद जाणणाऱ्या घराण्यातला हा ब्राह्मण वसंतसेनेची दासी मदनिका हिच्या प्रेमात पडलेला आहे. तिला दास्यातून सोडवायचं तर पैसा हवा, म्हणून तो घरफोडीला निघाला आहे. सूर्याला रोज अर्घ्य देऊन देऊन पाण्यानं भिंत कुठे भुसभुशीत झाली आहे, उंदरांनी माती कुठे उकरली आहे, हे तो हातानं चाचपून पाहतो. भोक कमळासारखं पाडावं, चंद्रकोरीसारखं की पूर्णकुंभासारखं, याचा विचार करतो आणि पक्क्या विटांच्या भिंतीला कुंभच शोभेल असं ठरवतो. मोजायला दोरी आणायची राहिली, म्हणून गळ्यातल्या जानव्यानंच माप घेतो. तेवढ्यात बोटाला साप डसतो, तर त्याच जानव्यानं बोट आवळून बांधतो. आत शिरल्यावर दार करकरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो, आणि लगेच त्याला धास्ती पडते की पाणी जमिनीवर पडल्याचाच आवाज झाला तर? त्या क्षणी शर्विलक म्हणजे नखशिखांत कान झालेला असतो.

आणि मग घरात त्याला दिसतं काय? मृदंग, पणव, वीणा, बासऱ्या आणि पोथ्या. हे एखाद्या नाट्याचार्याचं घर आहे की काय, असं त्याला वाटतं. घर बाहेरून मोठं दिसलं म्हणून तो शिरला होता, पण हे तर खरोखरीच्या गरिबाचं घर. तो परत फिरणार, इतक्यात मैत्रेय झोपेत बरळतो, ‘ही पेटी घे, तुला गाय-ब्राह्मणाची शपथ आहे’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो आणि स्वतःच्या हातानं ठेव चोराच्या ओंजळीत घालतो.

मराठीत हे नाटक गात आलं. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल हे अण्णासाहेब किर्लोस्करांचे शिष्य. अण्णासाहेबांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाची वाट पाडली, आणि त्या वाटेनं पुढे देवलांचं ‘संगीत मृच्छकटिक’ आलं. बालगंधर्वांनी त्यात वसंतसेना केली. सांगली-पुण्याकडचं हे वैभव सौंसर तालुक्यातल्या आमच्या मोहगावपर्यंत पोचलं ते नागपूर आकाशवाणीच्या लहरींवरून. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा सौंसर आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले आणि नागपूर पलीकडे गेलं. कागदोपत्री सरहद्द पडली, पण घराघरांतली मराठी तशीच राहिली आणि नाट्यपदं ऐकू येत राहिली. आता हे दोन तालुके मिळून 2023 पासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आहे. चारुदत्ताची उज्जयिनी आणि आमचं मोहगाव आज एकाच राज्यात आहेत, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. गावातल्या अर्धनारीश्वराच्या देवळाच्या पायरीवर बसून मी कितीतरी वेळा या चोराचा विचार केला आहे.

त्या विचाराच्या मुळाशी एक गोष्ट आहे. या नाटकात अपराधाची टोचणी कोणाला लागते ते पाहावं. सकाळी चारुदत्त भिंतीचं भोक पाहतो आणि आधी त्याच्या घडणीचं कौतुक करतो. चोर रिकाम्या हातानं गेला नाही, याचंही त्याला बरं वाटतं. मग कळतं की गेली ती दुसऱ्याची ठेव, आणि तो कोसळतो. खरं काय ते सांगितलं तरी गरिबावर विश्वास कोण ठेवणार? त्याची पत्नी धूता नवऱ्याच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून माहेरची रत्नमाला पुढे करते. म्हणजे ज्यांनी काहीच चोरलं नाही ते दोघं भरपाई करायला निघाले आहेत. दुसरीकडे शर्विलक दागिने घेऊन मदनिकेकडे येतो. ती दागिने ओळखते आणि हबकून जाते. त्या घरात कोणाला इजा तर झाली नाही ना, हीच तिची पहिली काळजी. कोणाला हात लावला नाही हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडतो. मग ती त्याला सांगते की चारुदत्तानंच पाठवले असं म्हणून हे दागिने परत दे.

हे सगळं वसंतसेना आडून ऐकत असते. तिला चोर सापडलेला आहे. तिनं नुसती हाक दिली असती तरी माणसं धावली असती. ती बाहेर येते, दागिने ठेवून घेते, आणि चारुदत्ताचाच तसा निरोप होता असं सांगून मदनिकेचा हात शर्विलकाच्या हातात देते. जी बाई दास्यातून सोडवण्यासाठी चोरी झाली, ती बाई आता सन्मानानं, गाडीत बसून, वधू म्हणून निघते. चोरीची गाठ इथे सुटते. शर्विलक पकडला गेला म्हणून ती सुटलेली नाही. एका बाईनं दोघांचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं, म्हणून सुटली.

इथवर आलं की माझं मन उज्जयिनी सोडून पांढुर्ण्याच्या जाम नदीवर येतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दोन्हीकडून दिवसभर दगड चालतात. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात. जीवही गेले आहेत. प्रशासनानं रबरी चेंडू देऊन पाहिले, पण लोक पुन्हा दगडांकडेच वळले. शेवटी झाड चंडीमातेच्या देवळात जातं आणि पूजा होते. यामागची कथा आमच्याकडच्या पोरासोरांनाही पाठ आहे. पांढुर्ण्याच्या मुलानं सावरगावची मुलगी पळवली. तिला घेऊन तो नदी ओलांडत होता, तोच सावरगावचे लोक दगड घेऊन धावले आणि पांढुर्ण्याचेही धावले. मधल्या पाण्यात ती दोघं दोन्हीकडच्या दगडांनी मेली. मग दोन्ही गावांना पश्चात्ताप झाला. त्यांनी ते देह उचलून देवीपुढे नेले, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून ही प्रथा पडली.

चोरी, पश्चात्ताप आणि जिवावरचा धोका या तिन्ही गोष्टी दोन्ही कथांत आहेत. दोन्हीकडे एक तरुण एका बाईसाठी चोर ठरतो. फरक आहे तो पश्चात्ताप कधी आला एवढ्याचाच. शर्विलकाच्या कथेत तो वेळेवर आला, म्हणून माणसं वाचली. जामवर तो उशिरा आला, म्हणून त्याची प्रथा झाली आणि ती अजून रक्त मागते आहे. त्या दिवशी कोणत्याही एका काठावर एक वसंतसेना असती, तर सावरगावची ती मुलगी पाठवणीच्या गाडीत बसून पांढुर्ण्याला आली असती. कथेत त्या मुलीला एक वाक्यसुद्धा दिलेलं नाही. ती पळवली गेली की स्वतःहून निघाली, हे तिला कोणी विचारलंच नाही. दगडांच्या माऱ्यात कोणाचा आवाज ऐकू येणार?

म्हणूनच शूद्रकानं चोरीच्या आधी मैफल ठेवली असावी. चारुदत्त दुसऱ्याचं गाणं ऐकणारा माणूस आहे. मैफल संपली तरी त्याच्या कानातलं गाणं संपत नाही. अपराधाची जाणीव म्हणजे तरी दुसरं काय असतं? दुसऱ्याचा आवाज आपल्या आत वाजत राहणं, हीच ती जाणीव. ज्याच्या आत असा कोणाचाच आवाज पोचत नाही, त्याला पश्चात्ताप शिकवता येत नाही.

याचा पुरावा म्हणजे शकार. राजाचा हा मेहुणा वसंतसेनेच्या मागे लागलेला. तोही गाणारा आहे! हिंग, जिरं, वेखंड, गुळ-सुंठ असलं काय काय खाऊन आपण गळा गोड केला आहे, अशी बढाई तो मारतो. नाटककार इथे फार मोलाचं सांगतो. नुसत्या गाण्यानं माणूस चांगला होत नाही. शकार फक्त स्वतःचंच ऐकतो. वसंतसेना नाही म्हणते तेव्हा ते त्याच्या कानात शिरतच नाही, आणि तो तिचा गळा आवळतो.

ती त्याच्या तावडीत सापडते तीही एका गाडीच्या घोटाळ्यामुळे. त्याच्या थोडं आधी एक लहानसा प्रसंग आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन गोटमारीच्या दिवशी, मला तो हटकून आठवतो. त्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी नंदी सजवून, त्याची चाकं ओढत घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. कोणाचा नंदी उंच, पितळी घुंगरांचा असतो. कोणाचा बोटभर, रंग उडालेला. बोटभरवाला पोर मोठ्या नंदीकडे ज्या नजरेनं पाहतो, तीच नजर चारुदत्ताच्या लहानग्या रोहसेनाची आहे. शेजारच्या मुलाकडे सोन्याची गाडी, आणि याच्या वाट्याला मातीची. तो रडतो. वसंतसेनेला ते बघवत नाही. अंगावरचे दागिने उतरवून ती त्याच्या मातीच्या गाडीत भरते, सोन्याची गाडी कर म्हणून.

या दागिन्यांचा प्रवास पाहिला की अंगावर काटा येतो. ते चोरीला गेले तेव्हा कोणाचा जीव गेला नाही. मायेनं दिले, तेव्हा मात्र ते फाशीचा दोर झाले. मैत्रेय ते परत करायला निघतो, वाटेत न्यायसभेत येतो आणि शकाराशी झटापट होताना दागिने त्याच्या काखेतून भरसभेत खाली पडतात. वसंतसेनेच्या खुनाचा आळ चारुदत्तावर आलेलाच असतो. आता पुरावाही मिळाला. निरपराध माणूस वधस्तंभाकडे निघतो. धोका येतो तो असा, ज्या बाजूचं दार आपण प्रेमानं उघडं ठेवलेलं असतं त्याच बाजूनं. म्हणून दार लावून घ्यावं, असं मात्र हे नाटक सांगत नाही. मेली असं समजून टाकलेल्या वसंतसेनेला एक भिक्षू वाचवतो. तो एके काळी जुगारात बुडालेला होता, आणि त्याचं कर्ज तिनंच फेडलेलं होतं. तिनं दिलेलं सगळंच काही फास होऊन परत येत नाही.

आणि शेवटी वधस्थानी कोण येतो? शर्विलक. राज्य पालटलं, आपला मित्र आर्यक राजा झाला, ही बातमी घेऊन तो चारुदत्तापुढे हात जोडून उभा राहतो आणि तुमच्या घराला भोक पाडणारा मीच, हे सांगून मोकळा होतो. मग शकाराला पकडून आणतात. जमाव ओरडतो, मारा याला. शर्विलक विचारतो, याचं काय करायचं? चारुदत्त त्याला अभय देतो. शरण आलेल्याला शस्त्रानं मारायचं नाही, उपकारानं मारायचं, ही त्याची रीत. दोन काठांवर हातात दगड घेऊन उभे राहिलेले लोक मला त्या जमावात दिसतात. वधस्थानच्या जमावाला थांबवणारा एकच माणूस तिथे होता, पण होता. जामच्या पाण्यात तो नव्हता.

आमच्या भागात ढोलकी, टुणटुणं आणि डफ घेऊन खडी गंमत हे लोकनाट्य उभं राहतं. लोक रात्ररात्र बसून ऐकतात. सवाल-जवाब झडतात, हसता हसता पोट दुखतं आणि पहाटेच्या सुमाराला एखादी कथा काळजाला हात घालून जाते. या शाहिरांकडे माझं एक मागणं आहे. सावरगावच्या त्या मुलीची आणि पांढुर्ण्याच्या त्या मुलाची कथा तुम्ही घ्या. आजवर ती दगडांनी सांगितली, आता तिला चाल लावा. त्या मुलीला बोलू द्या. ती का निघाली, पाण्यात उतरताना तिनं मागे वळून कोणाकडे पाहिलं, तिच्या आईला ठाऊक होतं का, हे तिच्या तोंडून गावाला ऐकवा. काठावरच्या एका तरी माणसाला दगड खाली ठेवायला लावा आणि त्याच्या तोंडी एक कडवं द्या. देवलांनी चोराला मराठी रंगभूमीवर मन मोकळं करू दिलं, तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले नाहीत. बसून त्याचं ऐकून घेतलं.

गोटमार एका दिवसात बंद होईल, असं मी म्हणत नाही. शतकानुशतकांची श्रद्धा, गावाचा मान आणि नवस तिच्यात गुंतलेले आहेत. पण कथा बदलली की हात बदलतात, यावर माझा विश्वास आहे. पोळ्याच्या आदल्या रात्री दोन्ही गावांनी एकत्र बसून त्या मुलीचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, तर तिसऱ्या दिवशी नदीवर दगड उचलणाऱ्याला तिचा आवाज आधी ऐकू येईल. त्या दोघांची आजवर झालेली पूजा खरी आहे. पण त्यांचं देणं पूजेनं फिटत नाही. ते ऐकूनच फिटेल.