सालदार, की गुत्तेदार?

केळझरच्या टेकडीवर गणपतीच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्याला गावातला कोणीही माणूस एक गोष्ट हमखास ऐकवतो : महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, आणि बकासुर इथलाच. गावाने त्याच्याशी ठराव केला होता. पाळीपाळीने एकेका घराने गाडाभर अन्न, गाड्याचे रेडे आणि एक माणूस पाठवायचा. बदल्यात त्याने गाव राखायचे. लहानपणी मला भीमाचे कौतुक वाटे. सनदी लेखापाल म्हणून पंचवीस वर्षे लोकांचे करारमदार वाचल्यावर आता त्या ठरावाचेच नवल वाटते. एकाच पक्षाने सांगितलेला, मुदत नसलेला, मोडायचा कसा याचे कलमच नसलेला करार. गावाने तो पाळला, कारण समोरच्याला प्रश्न विचारता येतो हेच कोणाच्या डोक्यात आले नाही.

असे करार हल्ली माझ्या टेबलावर पीडीएफमध्ये येतात. माझी कचेरी वर्ध्याला, घर केळझरला. गेल्या पाच-सहा वर्षांत माझ्याकडे एक नवीन प्रकारचे अशील येऊ लागले आहे : सेलू तालुक्यातल्या घरात बसून अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या कंपनीचे काम करणारी मुले-मुली. कोणी सॉफ्टवेअर तपासते, कोणी इमारतींचे नकाशे काढते, कोणी हिशेब लिहिते. एकाच्या खोलीत अर्ध्या भागात कापूस भरलेला असतो आणि उरलेल्या अर्ध्यात दोन स्क्रीन, इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे इंटरनेट.

त्याचे वडील एकदा त्याच्यासोबत कचेरीत आले. विवरणपत्राचे काम झाल्यावर मुलगा फोनसाठी बाहेर गेला, तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ‘‘साहेब, मले एक सांगा. पोरगं नोकरीवर हाय, का धंद्यात? बायोडाट्यात काय लिवू? सोयरे इचारतात.’’

मी हसलो; पण माझ्या सगळ्या व्यवसायाचा प्रश्न त्यांनी एका वाक्यात विचारला होता. कर किती, कोणत्या तारखेला, जीएसटी लागतो की नाही, काम सुटले तर हातात काय उरते, या सगळ्याची उत्तरे त्या एका उत्तरावर अवलंबून आहेत.

त्यांना मी त्यांच्याच शेताच्या भाषेत सांगितले. पाडव्याला आपण सालदार ठेवतो. सालाची रक्कम ठरते. बैल, वखर, डवरा आपला. सांगू ते काम, सांगू त्या वेळी. तो आजारी पडला तर आपणच बघतो. निंदण मात्र गुत्त्याने देतो. चार एकराचे इतके पैसे. माणसे किती आणायची, खुरपी कोणाची, सकाळी यायचे की दुपारी, ते गुत्तेदार पाहतो. काम संपले, चुकारा झाला, संबंध संपला. पगारदार म्हणजे सालदार आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणजे गुत्तेदार.

‘‘मंग आमचा कोन?’’

तिथेच तर घोळ आहे. मुलाच्या करारावर मोठ्या अक्षरांत ‘इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर’ लिहिले होते. आत मात्र संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच हजेरी, लॅपटॉप कंपनीचा, सुट्टीला साहेबाची परवानगी आणि दुसऱ्या कोणाचे काम करण्यास बंदी. नाव गुत्तेदाराचे, राबणूक सालदाराची.

कंपन्या असे का करतात, याला कारण आहे. भारतात पगारावर माणूस ठेवला की नोंदणी, टीडीएस, भविष्य निर्वाह निधी असे सगळे मागे लागते. शिवाय त्या माणसाला कंपनीच्या वतीने सौदे करण्याचा अधिकार दिला, तर कंपनीची इथे ‘कायमस्वरूपी आस्थापना’ आहे असे ठरू शकते आणि तिच्या नफ्यातला वाटा भारत सरकार मागू शकते. गुत्तेदार ठेवला की ही डोकेदुखी टळते. म्हणजे ती गुत्तेदाराच्या डोक्यावर येते. काही कंपन्या तिसरी वाट धरतात : मध्ये एक भारतीय कंपनी उभी करतात. कागदावर तुम्ही त्या भारतीय कंपनीचे पगारदार, काम मात्र परदेशी कंपनीचे. त्यात पीएफ, टीडीएस आणि फॉर्म 16 मिळतो. अशी सोय देऊ केली तर हातात पडणारी रक्कम थोडी कमी दिसते म्हणून ती झिडकारू नका.

कायदा नुसत्या मथळ्यावर जात नाही, हेही सांगायला हवे. सौराष्ट्रातल्या ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या मिठागरात राबणारे अगरिया मजुरीवर नव्हते; पिकवलेल्या मिठाच्या वजनावर पैसे घेत, हाताखाली आपली माणसेही ठेवत. तरी कामावर देखरेख आणि नियंत्रण कंपनीचे आहे हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने 1956 साली त्यांना कामगारच मानले. अर्थात परदेशातल्या कंपनीविरुद्ध असा वाद घालायला केळझरहून कोण कुठे जाणार, हा प्रश्न उरतोच. म्हणून सही करण्यापूर्वी विचारायचे.

आता कराचे. सर्वांत जास्त ऐकू येणारा गैरसमज असा : ‘पैसा अमेरिकेचा, कंपनी अमेरिकेची, मग इथे कर कशाला?’ कर पैशाच्या गावाला नसतो, तुमच्या मुक्कामाला असतो. आर्थिक वर्षात 182 दिवस किंवा जास्त भारतात राहिलात की तुम्ही निवासी, आणि निवासी माणसाचे जगभरातले उत्पन्न भारतात करपात्र. भारत-अमेरिका करारानुसार केळझरला बसून केलेल्या कामाच्या पगारावर अमेरिका कर मागत नाही. म्हणूनच ती कंपनी डब्ल्यू-8 बेन नावाचा फॉर्म भरून घेते. त्यात तुम्ही एवढेच सांगता की मी अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नाही. पुष्कळ मुले तो ‘कर माफ झाल्याचा कागद’ म्हणून जपून ठेवतात. माफी तिथली, इथला कर भरायचाच असतो.

नोकरी की धंदा याने फरक किती पडतो, ते आकड्यांत पाहा. समजा, 2025-26 या वर्षात 24 लाख रुपये आले आणि दुसरे उत्पन्न नाही. पगार असेल तर नव्या कररचनेत 75 हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उपकरासह कर होतो 2 लाख 92 हजार 500 रुपये. तेच पैसे माहिती तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा लेखा यांसारख्या ठरावीक व्यवसायातले असतील, तर कलम 44 एडीए लागू होऊ शकते. जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची. निम्मे म्हणजे 12 लाख, आणि तिथपर्यंत सूट असल्याने कर शून्य. ही सोय वर्षाला 50 लाखांपर्यंतच्या जमेला आहे. रोखीने आलेली रक्कम पाच टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाखांपर्यंत. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याची जागा नवा प्राप्तिकर कायदा घेतो. कलमांचे क्रमांक बदलतात, तत्त्व तेच राहते.

हा फरक पाहून मोह होतो. करारात ‘एम्प्लॉई’ असे स्पष्ट लिहिलेले असताना विवरणपत्रात धंदा दाखवणारे माझ्याकडे येतात. मी त्यांना परत पाठवतो. उलट, गुत्तेदार असूनही पगार दाखवून तीन-तीन लाख जास्त भरलेलेही मी पाहिले आहेत.

गुत्तेदारीची दुसरी बाजू जीएसटी. वर्षाची जमा 20 लाखांच्या पुढे गेली की नोंदणी करावी लागते. वरच्या उदाहरणातल्या मुलाचा प्राप्तिकर शून्य, पण जीएसटीची नोंदणी मात्र हवी. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा ही निर्यात आणि निर्यातीवर कराचा दर शून्य. त्यासाठी दर आर्थिक वर्षी लेटर ऑफ अंडरटेकिंग भरायचे. ते विसरलात तर 18 टक्के आधी भरा आणि मग परताव्यासाठी फिरा. पगारदाराला यातले काहीच नाही.

कर कापून घेणारा इथे कोणी नसल्याने आगाऊ कर स्वतः भरायचा. परदेशी कंपनी थेट पगार देत असेल तर 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च अशा चार तारखा; 44 एडीएवाल्याला एकच, 15 मार्च. चुकलात की महिन्याला एक टक्का व्याज. कंपनीने शेअर दिले असतील तर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट भरा. ते न भरल्यास 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्यात दहा लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर 2024 पासून वीस लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली. पण भरायचे ते भरायचेच.

बँकेत एक साधी खूण असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेला ‘पर्पज कोड’ लागतो. सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी पी 0802. एका मुलीने घाईत पहिला दिसला तो, पी 1301, निवडला. तो अनिवासी नातेवाइकांनी घरखर्चाला पाठवलेल्या पैशांचा. वर्षभराची कमाई कागदावर ‘मामाने पाठवलेले पैसे’ झाली. निर्यात सिद्ध करायला आणि पुढे घरकर्जाला बँकेचा दाखला काढायला गेली, तेव्हा ते लक्षात आले. दुरुस्तीला चार महिने लागले.

परदेशी भावावर जगणे या जिल्ह्याला नवे नाही. 1862 मध्ये वर्धा जिल्हा झाला, तेव्हा अमेरिकेत यादवी सुरू होती. तिथला कापूस अडल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना इथला हवा होता. ‘हिंगणघाट’ हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचे वाण म्हणून चालत असे. 1865 ला युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा निघाला आणि इथला भाव कोसळला. इथल्या शेतकऱ्याने काही चूक केली नव्हती. सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकाची गरज संपली होती, एवढेच.

हे मी मुलांना सांगतो, तेव्हा ती नम्रपणे ऐकतात आणि विसरतात. ज्याच्या वडिलांनी मला प्रश्न विचारला, त्याचेच पुढे तसे झाले. कंपनीचा निधी आटला. शुक्रवारी रात्री मेल आला, शनिवारी लॉगिन बंद. दोन महिन्यांचे बिल थकलेले. करारात वाद अमेरिकेतल्या एका राज्याच्या न्यायालयात चालवायची अट. तिथे वकील लावण्याचा खर्च थकबाकीहून जास्त. नोटीसच्या मुदतीचा पगार नाही, पीएफ नाही. गुत्तेदाराला ते नसतेच. वडील एवढेच म्हणाले, ‘‘व्यापाऱ्यानं चुकारा बुडवला तं बाजार समितीत तरी जाता येते.’’

त्यानंतर मी प्रत्येकाला बिल महिन्याऐवजी पंधरवड्याला करायला सांगतो. परदेशातल्या ग्राहकाविरुद्ध तुमचे खरे तारण एवढेच : थकबाकी मोठी होऊ न देणे. आणि आलेल्या प्रत्येक रकमेतून, पगारदाराला जे आपोआप मिळते ते स्वतः बाजूला काढणे. आरोग्य विमा, पीपीएफ किंवा एनपीएस, आणि सहा महिन्यांचा घरखर्च. डॉलरला गुणून आलेला आकडा म्हणजे पगार नव्हे. त्यात तुमची सुट्टी, तुमचे आजारपण आणि तुमचे म्हातारपण मिसळलेले असते.

तरीही मी या कामाच्या विरोधात नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळे तासभर मागे जातात. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे साडेसहाऐवजी साडेसात, आणि गावातल्या चार-पाच घरांत रात्रीचे जेवण कामाच्या आधी उरकू लागते. ती मुले गावात आहेत. वडिलांना दवाखान्यात नेतात, सोयाबीनच्या काढणीला हजर असतात. पुण्याच्या बसमध्ये बसवून दिलेल्या आधीच्या पिढीला हे जमले नाही.

तो मुलगा आता दुसऱ्या कंपनीत आहे. या वेळी सही करण्याआधी त्याने करार मला पाठवला. आम्ही मिळून सहा प्रश्न लिहून पाठवले. कंपनीने चार गोष्टी मान्य केल्या : पंधरवड्याचे बिल, तीस दिवसांची नोटीस, दुसरे काम करण्याची मुभा आणि कामाचे तास नव्हे तर काम मोजणे. बायोडाट्यात वडिलांनी ‘स्वतःचा व्यवसाय’ असे लिहिले.

दिवाळीला आपण वहीपूजन करतो. परदेशी कंपनीचे काम करणाऱ्यांनी यंदा एक साधी वही आणावी आणि पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने चार ओळी लिहाव्यात : मी सालदार की गुत्तेदार, काम सुटले तर नोटीस किती दिवसांची, बिल कधी आणि थकले तर दाद कुठे, आगाऊ कराची तारीख कोणती. चारपैकी एकही ओळ कोरी राहिली, तर लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी करार काढून वाचायला बसा.