उसनी ऊब

माशाला स्वतःची ऊब नसते. भोवतीचं पाणी जितकं कोमट, तितकंच त्याचं रक्त कोमट. पाणी निवलं की तोही निवत जातो, कल्ल्यांपासून शेपटीच्या झिरझिरीत टोकापर्यंत. आपण पांघरूण ओढून घेतो, तळहात चोळतो, दात वाजवतो. त्याच्यापाशी कुडकुडणंसुद्धा नाही.

डिसेंबर कलायला लागला की निफाडच्या रात्री नदीच्या अंगानं गारठत येतात. सकाळी भेटणारा प्रत्येक जण नमस्काराच्या जागी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पाऱ्याचा आकडा विचारतो, आणि तो कधी कधी पाचाच्याही खाली उतरलेला असतो. अशाच एखाद्या रात्री लाइट जाते. घरातल्या माशांच्या टँकमधली फिल्टरची झुळझुळ, जी एरवी कानांनी ऐकणंच सोडून दिलेलं असतं, ती एकाएकी थांबते. हीटरचा लाल ठिपका विझतो. आणि ॲमेझॉनच्या काळसर, उबदार ओढ्यांचा वंश सांगणारे इवले निऑन टेट्रा एका काचेच्या भरवशावर उरतात.

पण पाणी चिवट असतं.

खोलीतली हवा बघता बघता गार पडते, पाणी मात्र एकदा घेतलेली ऊब सहजी सोडत नाही. पंचविसावरून चोविसावर, चोविसावरून तेविसावर, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखं ते प्रत्येक अंशावर थांबत थांबत खाली येतं. जितकं पाणी जास्त, तितका हा जिना लांब. आपण करायचं ते एवढंच, की त्याला घाई होऊ द्यायची नाही. चार बाजूंनी थर्माकोलचे तुकडे, त्यावरून आजीच्या लुगड्यांची गोधडी. वरच्या झाकणाला हवेपुरती फट, कारण निऑनच्या सोबतीची गुरामी पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते आणि तो घोट बोचरा असून चालत नाही. मग आई न्हाणीघरातला बंब पेटवते. धुराचा वास घरभर होतो. दोन मग पाणी टँकमधून आधी काढून ठेवायचं, म्हणजे गरम पाण्याच्या बूच घट्ट लावलेल्या बाटल्या आत तरंगत सोडल्या तरी काठावरून काही सांडत नाही. बाटलीभोवती ऊब पसरत जाते, आणि काचेला टेकवलेल्या बोटांना ती कळेल न कळेल इतकीच कळते.

अशा वेळी हात फार शिवशिवतात. वाटतं, कढत पाण्याचा एक तांब्याच ओतावा. पण सावकाश उतरणाऱ्या पाऱ्यापेक्षा असा अवचित चढणारा पारा माशाला जास्त छळतो. वाटतं, चिमूटभर खाऊ तरी घालावा. पण गारठलेल्या पोटात अन्न पचत नाही, आणि उरलेलं पाण्यात कुजत राहतं, तेही फिल्टर बंद असताना. वाटतं, बॅटरी मारून एकदा पाहावं तरी. आणि पाहिलं की काळजात धस्स होतं, कारण अंधारात निऑनची ती निळी रेघ फिकटून गेलेली असते. तो आजार नव्हे, त्यांची रात्र असते. उजेडात रंग आपणहून परततो.

जीव लावणाऱ्याला हात आवरताही आले पाहिजेत.

खिडकीतून दूर द्राक्षबागांमध्ये शेकोट्या दिसतात. तिथंही कोणी जागं आहे. गारठ्यानं मण्यांची फुगवण थांबते, तडे जातात, म्हणून बांधाबांधावर धूर केलेला असतो. आणि लाइट असली तर पहाटे ठिबक सुरू करतात, कारण जमिनीच्या पोटातून आलेलं विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं. इथं मी पाण्याला थंडीपासून जपत बसलेला, आणि पलीकडं पाणीच वेलींना थंडीपासून जपतं. ऊब कायमची धरून ठेवणं दोघांच्याही हाती नाही. तिचं जाणं तेवढं लांबवता येतं. एका रात्रीपुरतं तेवढं पुरतं.

पहाटे लाइट येते. फिल्टर घसा खाकरून सुरू होतो, लाल ठिपका पेटतो, आणि निवायला जितका वेळ घेतला तितक्याच निवांतपणे पाणी पुन्हा तापायला लागतं. गोधडी अजून काढायची नसते. एवढ्यात शेजारचे बागायतदार काका चहाला येतात, स्वेटरला रात्रभराचा धूर, डोळे लाल.

"तुमच्याकडं किती?" ते विचारतात.

"टँकमध्ये एकोणीस. बागेत?"

"चार." बशीतल्या चहावर फुंकर मारत ते गोधडीतल्या टँककडं बघतात. "एकोणीस म्हणजे चैन आहे राव! उद्या माझ्या वेलीपण घ्या आत."