दुसरी बेकारी टाळायची तर

संपादकांची अट अशी, की श्रम-अर्थशास्त्रावर लिहा, पण वाचकाला घाबरवू नका. विषयही त्यांचाच: काही महिने घरी बसावं लागलेल्या माणसाच्या हातात एकदम दोन ऑफर आल्या, तर त्याने कोणती घ्यावी? नातेवाइकांचं उत्तर तयार असतं, ‘पॅकेज बघ’. माझ्या मते अशा माणसाने पॅकेज सर्वांत शेवटी बघावं आणि आधी विचारावं, की यांतली कुठली नोकरी दोन वर्षांनी शिल्लक असेल. हा वडीलकीचा सल्ला वाटेल, पण त्यामागे आकडे आहेत. १९९३ मध्ये जेकबसन, लालोंद आणि सलिव्हन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या, मुरलेल्या कामगारांच्या नोंदी तपासल्या. नोकरी गेल्यानंतर काही वर्षं उलटली तरी त्यांची कमाई, नोकरी टिकती तर झाली असती त्याहून वर्षाला सुमारे २५ टक्क्यांनी कमीच होती. बेकारीचा डाग जात नाही, असा अर्थ त्यातून सर्रास काढला गेला. मग १९९७ मध्ये अ‍ॅन हफ स्टीव्हन्स यांनी दाखवलं, की दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या नुकसानीचं मोठं कारण पहिला धक्का नसतो. पुढच्या काही वर्षांत नोकरी पुन्हा जाते, ते असतं. आम्हा अभ्यासकांना हा निबंध पाठ आहे. लोकांपर्यंत पोचली ती फक्त ‘गॅप’ची धास्ती.

ती धास्ती पूर्ण खोटी नाही. क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो यांनी अमेरिकेत काल्पनिक अर्ज पाठवून पाहिले (२०१३). बेकारीचे महिने वाढतात तशी बोलावणी घटतात, आणि घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते, असं त्यांना आढळलं. पण २०१६ मध्ये फार्बर आणि सहकाऱ्यांनी पदवीधर स्त्रियांच्या नावाने असेच अर्ज केले, तेव्हा हा परिणाम दिसलाच नाही. स्वीडनमधला एरिक्सन आणि रूथ यांचा प्रयोग (२०१४) मला सर्वांत बोलका वाटतो. चालू बेकारी नऊ महिन्यांवर गेली, की मध्यम व कमी कौशल्याच्या कामांत ती नडते. जुन्या बेकारीनंतर काम केलेलं असेल, तर मालक तिच्याकडे लक्ष देत नाहीत. परदेशातले आकडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे मान्य. तरी गॅप भरून काढायला नोकरी टिकावी लागते, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता पॅकेजकडे वळू. ‘सीटीसी’ म्हणजे पगार नव्हे, हे किती वेळा सांगायचं? कंपनीला तुमच्यावर जो खर्च येईल असं ती कागदावर मांडते, तो हा आकडा. समजा, एक ऑफर १२ लाखांची आहे, सगळी फिक्स्ड, ग्रॅच्युइटी वेगळी. दुसरी १४ लाखांची, पण त्यात २० टक्के व्हेरिएबल, म्हणजे २ लाख ८० हजार वजा. उरले ११ लाख २० हजार. बेसिक त्याच्या निम्मं धरलं, तर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ ६७ हजार आणि ग्रॅच्युइटी सुमारे २७ हजार यातच मोजलेली. (ग्रॅच्युइटीचा ४.८१ टक्के हा दर येतो कुठून? वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून: १५ भागिले २६, भागिले १२. कायम नोकरीत ती मिळायला साधारण पाच वर्षं लागतात; त्याआधी सोडलंत, तर पॅकेजमधला तो तुकडा तुमचा कधी नव्हताच.) हमखास पगार उरला १० लाख २६ हजार. पहिल्या ऑफरमध्ये कंपनीचा पीएफ वजा करूनही ११ लाख २८ हजार राहतात. चौदा बारापेक्षा लहान निघाले, आणि पेढे मात्र चौदाचे वाटले जातात.

यावर आक्षेप येतो, की पुढच्या नोकरीत मागचा आकडाच विचारतात. विचारतात खरं, कॅलिफोर्नियात २०१८ पासून तसं विचारायला बंदी आहे, तशी आपल्याकडे नाही. पण इथले एचआरवाले फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगवेगळं विचारतात, पगाराच्या स्लिपा मागतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: डळमळीत कंपनीत शिकायला मिळतं, सुरक्षित ठिकाणी माणूस गंजतो. डोक्यावर कर्ज नसलेल्या तरुणाला मी हे नाकारणार नाही. तिथे माझा युक्तिवाद पातळ होतो. मात्र ज्याचे हप्ते थकले आहेत आणि साठवण संपली आहे, त्याला हा जुगार खेळायला सांगणारे सहसा स्वतः पक्क्या नोकरीत असतात.

टिकाऊपणा आधी कसा कळणार? पूर्ण नाही कळत, पण थोडा कळतो. प्रोबेशनमध्ये कंपनी किती दिवसांच्या नोटिशीवर काढू शकते आणि तुम्हाला सोडायला किती दिवस लागतील, ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. ईपीएफओच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव शोधलं, की कुठल्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा पीएफ भरला, हे कुणालाही दिसतं. भरण्याची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख. कर्मचारी महिन्यागणिक कमी होत असतील किंवा भरणा सतत उशिरा होत असेल, तर चौदा लाखांच्या त्या पत्रावर सही करू नका.