विम्याचा कागद

परदेशप्रवासाची तयारी म्हणजे लोकरीचे कपडे, मेतकूट आणि लोणच्याच्या बरण्या, अशी माझी भोळी समजूत होती. मुलगी जर्मनींत नोकरीला लागल्यापासून तिच्याकडे जाण्याचे बेत आम्हीं पुष्कळदां रचले व मोडले. गेल्या वर्षीं मात्र दोन महिन्यांच्या मुक्कामाचें नक्की ठरलें. प्राध्यापकी पेशांत साठते तेवढी बहुतेक शिल्लक दोन तिकिटें आणि मुलीनें आंखलेली स्वित्झर्लंडची सहल यांनीं फस्त केली. तेवढ्यांत कळलें कीं, शेंगेन देशांचा व्हिसा हवा असेल, तर किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाहि उतरविला पाहिजे. 'विमा' हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला, आणि फारसींत 'बीम' म्हणजे भय. (व्युत्पत्तीचा नाद हें माझें जुनें दुखणें आहे खरें, पण सुदैवानें तें कोणत्याहि अर्जांत नमूद करावें लागत नाहीं!)

तीन कंपन्यांचीं माहितीपत्रकें आणून मी तीं उत्तरपत्रिकांसारखीं तपासावयास बसलों. सामान हरवलें, विमान चुकलें, पासपोर्ट गहाळ झाला, अशा आपत्तींची भरपाई पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होती. परंतु बॅग हरवल्यानें कोणाचें घर विकलें जात नाहीं. इस्पितळाच्या बिलानें जातें. तेव्हां खरें वाचावयाचें तें बारीक टाइपांत होतें: दर आजारामागें मर्यादा किती, पहिला किती खर्च आपण सोसावयाचा, आणि जुन्या विकारांचें काय. शब्दांचा कीस काढणें हा तर माझा धंदाच. २०१० च्या एप्रिलांत आइसलंडच्या ज्वालामुखीनें युरोपचें आकाश कित्येक दिवस बंद पाडलें, तेव्हां राखेचा ढग 'खराब हवामानां'त मोडतो कीं नाहीं, यावर प्रवासी आणि विमेवाले यांच्यांत तंटे झाले होते!

अर्जांत प्रश्न होता: 'पूर्वीपासून कांहीं विकार आहे काय?' मला सात वर्षें रक्तदाब आहे. विमा-प्रतिनिधि माझाच जुना विद्यार्थी. तो सहज म्हणाला, "सर, 'नाहीं' लिहा. प्रीमियम वाढतो, आणि तिकडे विचारतो कोण?"

विचारतात, आणि नेमके बिल आल्यावर विचारतात. विमा उतरविणारालाच ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट त्यानें दडविली, तर करार टिकत नाहीं, असें लॉर्ड मॅन्सफील्डनें १७६६ सालींच एका निवाड्यांत सांगून ठेविलें आहे. हें सारें मला माहीत होतें. कॉपी करणाऱ्या मुलांना मीं परीक्षेंतून उठविलें आहे. तरीहि, सांगावयास लाज वाटते, साडेचार हजार रुपयांच्या फरकासाठीं माझी लेखणी 'नाहीं'वर टेकली होती.

विद्यार्थी गेल्यावर, पलीकडे भाजी निवडीत बसलेली सौभाग्यवती म्हणाली, "अहो, डॉक्टरला दाखवलंच नसलं, तर तें दुखणं 'पूर्वीचं' धरतात का?"

प्रश्न मोठा मार्मिक आहे, असें म्हणून मी उत्तर देऊं लागलों आणि मध्येंच थांबलों. दिवाळीपासून जिना चढतांना तिच्या छातींत दुखत होतें. सांगितलें तर जाणें रद्द होईल, म्हणून ती चार महिने गप्प होती. मी रागावलों, पण रागें भरावयाचें कोणाला, तें मला उमगेना.

पुढचें थोडक्यांत सांगतों. अँजिओग्राफी झाली, एका रोहिणींत स्टेंट बसला, तिकिटें बदलण्याचा भुर्दंड भरला आणि प्रवास सहा महिने पुढें गेला. दोन्ही अर्जांत आम्हीं खरें तेंच लिहिलें. एका कंपनीनें तिला सरळ नकार दिला. दुसरीनें दीडपट प्रीमियम घेऊन, जीव धोक्यांत आल्यास तेवढ्यापुरता हृदयविकार पत्करला. तोच कागद घेतला.

सही करण्यापूर्वीं तिनें कलमें मोठ्यानें वाचलीं. मृत्यु आल्यास देह मायदेशीं पोंचविण्याच्या खर्चापाशीं ती थबकली.

"हें गाळलं तर पैसे कमी होतील का हो? तिकडेच काय तें उरका. एवढ्या लांबून पेटींतून आणायचं म्हणजे उगीच खर्च."

"तें गाळतां येत नाहीं. छापील आहे."

"बरं तर," असें म्हणून तिनें सही केली, आणि मेतकुटाच्या डब्याचें झांकण घट्ट बसलें आहे कीं नाहीं, तें पाहूं लागली.