अब्बांचा ओळंबा

माझी भाची अंधेरीच्या एका कॉलेजात आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या वर्गाने कॉलेजच्या फाटकाशी एक पाणपोई बांधायला घेतली. नकाशाही त्यांचाच, मजूरही तेच. कंबरेएवढी विटांची भिंत, माठांसाठी कडप्पा, वर बांबूचं छत. तिने हे घरी सांगितलं तेव्हा अब्बा म्हणाले, "सबील म्हण की. पण भिंत कोण बांधणार?"

"आम्हीच, नाना."

अब्बा नुसते हसले. चाळीस वर्षं त्यांनी अंधेरी ते बोरिवली गवंडीकाम केलंय.

भिंतही साधी नव्हती. रॅट-ट्रॅप बाँड. त्यात वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावतात. मध्ये पोकळी राहते, त्यामुळे भिंत कमी तापते आणि विटा जवळपास २५ टक्के कमी लागतात. लॉरी बेकर या मूळच्या इंग्रज आर्किटेक्टने केरळात ही पद्धत रुजवली.

चौथ्या दिवशी भाचीचा फोन आला. भिंत एका बाजूला कलली होती. मी अब्बांना रिक्षाने घेऊन गेलो. त्यांनी पिशवीतून जुना ओळंबा काढून सोडला. मग एक वीट सहज हाताने उचलली. "विटा भिजवल्या होत्या?" कुणीच बोलेना. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते, मग माल धरतच नाही. हे पुस्तकात असणारच. "तीन थर उतरवा," अब्बा म्हणाले.

पुढचे तीन तास ते स्टुलावर बसून होते. थापी कशी धरायची, सांधेमोड कशी ठेवायची, एकेकाला दाखवत होते. घरी आम्ही त्यांना इतकं बोलताना ऐकलेलं नाही.

वर्गात बांगलादेशातल्या रुद्रपूर गावच्या शाळेचा फोटो लावला होता. माती आणि बांबूची शाळा, गावकऱ्यांनी २००५ मध्ये हाताने बांधलेली. आना हेरिंगर ऑस्ट्रियात शिकत असताना तिने पदवीसाठी केलेल्या प्रकल्पातून ती उभी राहिली. २००७ मध्ये तिला आगा खान पुरस्कार मिळाला, असं भाचीने सांगितलं.

"गवंड्यांना काय मिळालं?" अब्बांनी विचारलं.

तिने तिथेच मोबाइलवर शोधलं. हा पुरस्कार देताना आर्किटेक्टबरोबर बांधणाऱ्यांचा, कारागिरांचाही विचार होतो. अब्बांनी मान हलवली, पण विश्वास बसलेला दिसला नाही.

परतताना गोरेगावात त्यांनी रिक्षा हळू करायला लावली. "ही बिल्डिंग. हिच्या जिन्याची भिंत माझी."

त्याच सोसायटीत मी लग्नानंतर भाड्याने घर बघायला गेलो होतो. माझं नाव ऐकल्यावर फ्लॅट कालच गेला, असं सांगितलं. खाली पाटी पुढे दोन महिने लटकत होती. अब्बांना मी हे कधी सांगितलेलं नाही.

"पक्की आहे अजून," ते म्हणाले.

मी हो म्हणालो. घरी पोहोचेपर्यंत त्यांनी भाचीला दोनदा फोन केला. सात दिवस पाणी मारायला विसरू नका म्हणून.