जीपची विळी

आमच्या घरात एका विळीला 'जीपची विळी' म्हणतात. नव्या सुनेला त्याचं हसू येतं. तिला सांगायचं राहून गेलं, म्हणून लिहिते.

मामंजी गेल्यावर त्यांची जुनी जीप वर्षभर परड्यात गंजत पडली होती. मीच मागं लागून भंगारवाल्याला बोलावलं. तो खोलायला लागला तशा आत्याबाई बाहेर आल्या. "मागचे दोन पाटे ठेव बाळ, ते द्यायचे नाहीत." मी पुटपुटले, "गंजक्या लोखंडाचं काय लोणचं घालायचंय?" त्यांनी ऐकलं असणार. काही बोलल्या मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी गड्याच्या डोक्यावर पाटे देऊन त्या मला लोहाराकडे घेऊन गेल्या. त्यानं पाटा ठोकून बघितला. "अक्का, हे अस्सल पोलाद हाय. वजन पडलं की वाकायचं, उतरलं की परत जाग्यावर यायचं. बाजारातलं खुरपं ह्याच्यापुढं पत्राच." भात्यावर लालबुंद केलं, घण घातले. रंग काळवंडला की हात थांबवायचा आणि परत भट्टीत घालायचं. थंड लोखंडावर घण बसला तर चीर जाते म्हणे. शेवटी धारेला 'पाणी' दिलं ते जळक्या ऑइलमध्ये. साध्या पाण्यात असलं पोलाद तडकतं. मग पुन्हा थोडी ऊब दाखवली, नाहीतर धार काचेसारखी तुटते.

उरलेल्या पाट्याचा सत्तूर करू का, असं त्यानं विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "नको रे. विळी कर, खुरपी कर." हिंसेचं हत्यार घडवून दुसऱ्याच्या हाती देऊ नये, ही आपल्याकडची शिकवण. वाटेत मी विचारलं, "खुरप्यानं किडामुंगी मरत नाही होय?" त्या म्हणाल्या, "मरते की. शेत करणाऱ्याला तेवढं सुटत नाही. म्हणून तर बघून खुरपायचं. न सुटणारं वेगळं आणि ठरवून केलेलं वेगळं."

घराजवळ आल्यावर त्या आपणहून बोलल्या. १९८१ साली महामस्तकाभिषेकाला दोघं याच जीपनं श्रवणबेळगोळला गेली होती. परतताना मागचा पाटा तुटला. रात्रभर रस्त्याकडेला बसून दोघांनी गप्पा मारल्या. "भरल्या घरात तेवढं बोलायला कधी मिळालंच नाही बघ. तेव्हा बसवलेला पाटा ह्यातलाच." मला मान वर करवेना. लोणच्याचं बोलणं आठवलं. माफी मागायला हवी होती, पण राहिली ती राहिलीच.

आता आत्याबाई नाहीत. एक खुरपं शेतात हरवलं, दुसरं झिजून बोटभर उरलंय. विळी मात्र आहे. लेकानं भाजी चिरायचं यंत्र आणलंय, सून त्यावरच चिरते. चिरू दे. पण अडगळ काढताना, पोरी, विचारल्याशिवाय काही भंगारात घालू नकोस. कुठल्या लोखंडात कुणाची रात्र असते, आपल्याला काय ठाऊक!